कंपूपर्यंतचं लायसन

आमच्या गल्लीतल्या ड्रायव्हरकाकांची नक्कल मी झकास करायचो. दारू पिऊन त्यांनी सरदारसाहेबांची मोटर हलवायाच्या दुकानात घातली, म्हणून कोर्टानं लायसन काढून घेतलं होतं. तेव्हापासून काका पायीसुद्धा डावीकडूनच चालायचे आणि वळताना हात दाखवायचे. मी मागून तोंडानं भोंगा वाजवला, की बाजूला होऊन म्हणायचे, "निकलो, भैया."

संस्थान विलीन झालं तसे सरदारसाहेबांनी नोकर कमी करायला घेतले. मोटर न चालवणारा ड्रायव्हर कोण ठेवणार? काकांनी कोर्टाकडे अर्जावर अर्ज केले. शेवटी हुकूम मिळाला: फक्त दिवसा, सरदारसाहेबांच्या घरापासून कंपू भागातल्या दवाखान्यापर्यंत. हद्द ओलांडली तर लायसन कायमचं रद्द.

पहिल्याच दिवशी मीही फुकटात पुढे बसलो. दवाखान्यातून बाहेर पडताच सरदारसाहेब म्हणाले, "आता जरा पुढे चौकात, बाड्यावर घे, पान खाऊ."

"सरकार, कागद इथपर्यंतच आहे."

"अरे, कौन देख रहा है? अजून आपलंच राज्य आहे असं समज."

"तेव्हा तर मी पीत होतो, सरकार."

सरदारसाहेबांचे कान लाल झाले. काकांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि टांगा बोलावून आणला. सरदारसाहेब टांग्यात चढले. काका मुजरा करून तसेच वाकून राहिले.

टांगा हलला, तेव्हा सरदारसाहेब मागे वळले. "उद्या दहाला मोटर तयार ठेव. आणि बाड्यावरचा कागद कधी मिळतो, ते विचारून ये."