अण्णांची गाडी तापेपर्यंत

आमच्या घोडपदेवच्या चाळीत अख्खी मोटार एकट्या अण्णांची होती आणि त्या मोटारीत बसून कुठेही पोचलेला माणूस मात्र चाळीत सापडला नसता. अण्णा गिरणीत बॉयलरवर. तिथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली म्हातारी गाडी अण्णांना देऊन गेला. बॉयलर नीट तापल्याशिवाय गिरणी चालत नाही, तोच कायदा अण्णांनी गाडीला लावला. आधी इंजिन तापवायचं, मग हलायचं.

"इंजिन म्हणजे माणूसच तो," अण्णा म्हणत. "उठल्या उठल्या कामाक लावशात तर वसकन अंगावर येतलो." मग बॉनेटवर हात ठेवून, तापाच्या रोग्यापाशी बसावं तसे ते उभे राहत. गाडी धडधडे, खोकल्यासारखे आवाज काढी, पहिल्या माळ्यावरच्या बरण्या फळीवर नाचत. बायका ओरडत, "अण्णा, आमचं लोणचं पडेल हो!" अण्णांचं उत्तर एकच, "अजून थंड हा."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एकदा पोरांनी गाडीच्या टपावर भोंगा बांधला. मोर्चात सगळ्यांत पुढे आपल्या चाळीची गाडी! अण्णांनी टोपी झटकली आणि इंजिन तापवायला घेतलं. पोरं थांबली, कंटाळली, चालत गेली. घोषणा देऊन, घसे बसवून परत आली तेव्हा अण्णा स्टिअरिंगवर बसत होते. "आता कशी तयार झाली! चला," असं म्हणाले. पुढे महिनाभर चाळ हसत होती.

त्याच सुमारास माझं लग्न झालं. खोली एक, माणसं आठ. नवरा मुलगा म्हणून माझी बढती झाली ती गॅलरीत झोपण्यावर. सुमनशी दोन शब्द बोलायचे तर आईसमोर, तेही मीठ वाढ, पाणी दे, एवढेच. तिला वाटलं, मला ती आवडलेली नाही. एक दिवस तिनं ट्रंक भरली आणि गिरगावला माहेरी जाते म्हणाली. परत कधी, ते सांगेना. आठ माणसांपुढे बोलणार काय? ट्रंक उचलून मी तिच्यामागून खाली अंगणात उतरलो.

अण्णांनी वरूनच पाहिलं असावं. "माझी गाडी असताना चाळीची सून ट्रामनं जातली? बसा रे दोघांव!"

आम्ही मागे बसलो. अण्णांनी इंजिन सुरू केलं आणि बाहेर, आमच्याकडे पाठ करून, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्या धडधडाटात आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला मी नकोच होते ना?" सुमन ओरडून म्हणाली.

"नको कशी? तीनदा पाहायला आलो होतो!" मीही ओरडलो.

"मग बोलत का नाही?"

"कुठे बोलू? गॅलरीत?"

ती आधी रडली, मग हसत सुटली. मग आम्ही जे बोलत बसलो, ते गिरगावचं नावच काढलं नाही. शेवटी ट्रंक मीच वर नेली.

पुढे दर रविवारी अण्णांची हाक येई, "चला, चौपाटी दाखवतंय!" चौपाटी आम्ही कधी पाहिली नाही. पण पोरांची नावं, वेगळ्या बिऱ्हाडाचा बेत, आमची सगळी भांडणं त्या मागच्या सीटवरच झाली.

अण्णांची बायको जन्मभर गावी. तिच्याशी बोलायला त्यांना गणपती आणि शिमगा, तेवढेच मिळाले. नोकरी सुटल्यावर ते तिच्याकडे निघाले, तेव्हा गाडी भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. आदल्या दिवशीही त्यांनी आम्हाला हाक मारली. बराच वेळ झाला म्हणून सुमनला सीटवर ठेवून मी उतरलो आणि सहज बॉनेटवर हात टेकला. चटका बसून हात झटकन मागे आला. अण्णांचा तळवा मात्र तिथेच होता.

"अण्णा, अहो, केव्हाची तापलीय ही!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अजून थंड हा," ते म्हणाले. "जा, बस तिच्याकडे."