दहा ग्लास आणि खिळ्यावरची माळ

"वरून आलं आहे," असं मी भाऊंना सांगितलं ते खोटं होतं. वरून काहीही आलं नव्हतं. तो नियम मी लिहिला होता, माझ्याच टेबलावर, सकाळचा चहा पिता पिता. एका ओळीचा नियम. तो लिहिताना भाऊंच्या गळ्यातली माळ मला आठवली नव्हती, असंही म्हणता येत नाही. आठवली होती.

साकोलीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत असलेल्या एका खासगी कॉलेजात मी अन्नप्रक्रिया शिकवतो. मूळचा कोंढ्याचा. मधली वीस वर्षं बाहेर, बिअरच्या मोठ्या कारखान्यांत गेली. परत आलो तेव्हा बाकीचं आयुष्य मुलांना लोणची आणि जॅम शिकवण्यात जाईल असं वाटलं होतं. पण संस्थेच्या चालकांना नागपुरात कुणीतरी सांगितलं की क्राफ्ट बिअर बनवणारे लोक मिळत नाहीत. क्राफ्ट बिअर म्हणजे हॉटेलातच छोट्या टाक्यांत तयार होऊन तिथेच ताजी विकली जाणारी बिअर. तिच्यासाठी माणसं पुण्याहून नाहीतर बंगळुरूहून आणावी लागतात. आपल्याकडे राइस मिलची कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, आहे, बिअरमध्ये ती चालते, आणि शिकून घरी बसलेली पोरं तर गावोगाव आहेत. तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स काढा, असं ठरलं. काढा म्हणजे मी काढायचा.

परवानग्या आल्या, छोट्या टाक्या आल्या. अभ्यासक्रमाचा बराचसा भाग मला पाठ होता. जव कसे भिजवायचे, किती तापवायचे, यीस्ट कधी सोडायचं. निम्मा कोर्स तर धुण्याचाच असतो. टाकी धुवा, पाइप धुवा, पुन्हा टाकी धुवा. पहिल्या बॅचमधला एक पवनीचा विद्यार्थी ब्रश हातात घेऊन म्हणाला होता, "घरी माय म्हणते तं ताट उचलत नाई मी. अन् इथं अॅडमिशन घेऊन भांडे घासून राहिलो."

अडलो ते एकाच ठिकाणी, वास ओळखण्याच्या धड्यात. बिअर बिघडली की तिला ठरावीक वास येतात आणि बनवणाऱ्याला ते ओळखता यावे लागतात. यासाठी जगभर जो तक्ता वापरतात, त्यात स्कंक नावाच्या प्राण्याचा वास आहे. हा प्राणी आमच्या जिल्ह्यात कुणी पाहिलेला नाही. मीही नाही. वीस वर्षं मी तो वास नुसत्या नावाने ओळखत आलो होतो. वर्गात तो तक्ता लावला की पोरं वहीत उतरवून घेत आणि नाकाला काही कळत नसे.

भाऊ आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. माझ्याच वयाचे, सानगडीजवळच्या एका खेड्यातले. त्याआधी ते एका राइस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या हौदावर होते. उसन्यासाठी धान हौदात भिजत घालतात, आणि पाणी बिघडायच्या आत काढावं लागतं. भाऊ हौदाच्या कडेला उभे राहून नाकाने सांगत, आता काढा. मिलमध्ये नवी यंत्रं आली तेव्हा ते आमच्याकडे आले.

एक दिवस एक ग्लास माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, हे टाकी बिघडून राहिली."

"काहून?"

"हौदातल्या तिसऱ्या दिवसाच्या पाण्यावानी वास येऊन राहिला जी."

मी वास घेतला. मला काही कळलं नाही. दोन दिवसांनी कळलं, तेव्हा टाकी ओतून द्यावी लागली.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तक्ता नवा केला. मी एकेक दोष मुद्दाम बिअरमध्ये घालायचो, भाऊ वास घेऊन सांगायचे आणि मी लिहायचो. भिजून वाळलेलं पोतं. उकडलेला मक्का. कच्चं बोर. बोडी, म्हणजे शेतातलं तळं, आटल्यावरचा गाळ. लोणी कढवताना बेरी लागते तो वास. मोहफुलं वाळत घातल्यावर त्यांच्यावर पाणी पडलं तर येतो तो. पुढच्या वर्गात पोरांनी ग्लास नाकाशी नेले आणि अर्धा वर्ग एकदम म्हणाला, "पोतं! पोतं!" माझ्या सगळ्या कोर्समध्ये तो एकच धडा असा होता, जो दुसऱ्या कुठल्या पुस्तकातून आलेला नव्हता.

या कामाला बसण्याआधी भाऊंनी मला एक विचारून घेतलं होतं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, विसाव्या वर्षापासूनची. गावच्या भजनात ते मृदंग वाजवत.

"सर, वास घेतला तं चालते ना? तोंडाले नाई लावत मी."

"चालते," मी म्हणालो होतो.

कोर्स पुरा लिहून झाला तेव्हा त्यात सहायक प्रशिक्षकाची एक जागा निघाली. ती भाऊंचीच होती, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. कोर्सच्या पाहणीसाठी बाहेरून तीन माणसं आली. त्यांतले एक नागपुरात अशीच बिअर बनवून विकणारे हॉटेलमालक होते. वर्ग बघून ते खूश झाले. चहाला बसल्यावर म्हणाले, "तक्ता तर एकदम ओरिजिनल आहे. कोणी बनवला?" पोरांनी भाऊंकडे बोट दाखवलं. मालकांनी माळ पाहिली आणि हसले. "म्हणजे तुमच्याकडे बिअरचा मास्तर माळकरी? हे तर स्वयंपाक्याला चव माहीत नसल्यासारखं झालं." सगळे हसले. भाऊही हसले.

मी हसलो नाही. मला दोन गोष्टी लागल्या होत्या. एक, आमचा कोर्स कुणी खेडवळ समजेल ही भीती. दुसरी सांगायला अधिक अवघड आहे: त्या दिवशी तिघांपैकी एकानेही माझ्या वीस वर्षांबद्दल काही विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी अंतिम मसुद्यात ओळ घातली. प्रशिक्षक आणि सहायक प्रशिक्षकाने दरवर्षी दहा नमुने तोंडात घेऊन, चवीने ओळखले पाहिजेत. "वासाने किंवा चवीने" असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पाहणीच्या माणसांनी लेखी असं काहीही मागितलेलं नव्हतं.

भाऊंना मी ते प्रयोगशाळेच्या दारात सांगितलं, उभ्या उभ्या. एरवी मी त्यांच्याशी गावाकडचंच बोलतो. त्या दिवशी ऑफिसातलं बोललो.

"माझ्या हातात नाही, भाऊ. वरून आलं आहे."

"थुकून टाकलं तरी तोंडातच घ्या लागते का जी?"

"हो. तसं स्पष्ट आहे."

"बरं," ते म्हणाले आणि नळी गुंडाळायला लागले.

चार दिवसांनी ते स्वतःहून आले. "घ्या परीक्षा." पोरांचे अॅप्रन टांगायला भिंतीवर खिळे होते. त्यांनी माळ गळ्यातून काढली, कपाळाला लावली आणि एका खिळ्यावर अडकवली. मग खुर्चीवर बसले. मी दहा ग्लास मांडले. प्रत्येक घोट त्यांनी तोंडात घेतला, क्षणभर ठेवला, स्टीलच्या पातेल्यात थुंकला. दहाच्या दहा बरोबर. मग बाहेरच्या नळावर जाऊन त्यांनी बराच वेळ चुळा भरल्या. परत आले, खिळ्यावरची माळ उतरवली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. गळ्यात घातली नाही.

मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "हाव जी."

पुढचे महिने कोर्स चांगला चालला. पोरांना कामं मिळाली. भाऊ छान शिकवत. त्यांचा गळा मोकळा होता, आणि मी त्यांच्याशी बोलताना त्यांच्या हातांकडे बघायला शिकलो.

बाकीचं मला सानगडीच्या बाजारात कळलं. मी वांगी घेत होतो. भाऊंची बायको समोर आली, तिने पदर नीट केला आणि विचारपूस केली. मग म्हणाली, "सर, वरचे लोक लई कडक आहेत का हो?"

"का बरं?"

"एक अर्ज करता नाई येत का त्यायले? हे आता भजनात मांगं बसतात. मृदंगाले हात नाई लावत. कोणी काई म्हणलं नाई, ह्यायनंच सोडलं. मी म्हणलं, माळ पुन्हा घ्या. तं महाराज म्हणतात, घ्या, पण मंग पुन्हा तोंडाले लावाचं नाई. अन् हे म्हणतात, दरसाल परीक्षा हाये, खोटं बोलून माळ कायले घेऊ?"

भाजीवाली वांगी तोलून तागडं धरून उभी होती.

"करतो अर्ज," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. अर्ज कुणाला करणार होतो? फाइल माझ्याच कपाटात होती.

त्यानंतर दर सोमवारी भाऊ विचारत, "वरून काई आलं का, सर?" मी म्हणायचो, अजून नाही. ते म्हणायचे, "मोठे लोक हायेत, वेळ लागते," आणि मलाच धीर द्यायचे. मी ओळ बदलत नव्हतो याचं कारण साधं आहे. बदलली तर कुणीतरी विचारेल की ती बदलायचा अधिकार तुम्हाला होता, तर मग घातली कुणी? वर्षाची परीक्षा दीड महिन्यावर आली. एका सोमवारी भाऊंनी विचारलं नाही. नुसते आले, टाकीचं तापमान वहीत लिहिलं आणि गेले. त्याच्या पुढच्या सोमवारीही विचारलं नाही.

मग मी ती ओळ बदलली. चवीने किंवा वासाने. 'तोंडात घेऊन' काढलं, दोन शब्द वाढवले. प्राचार्यांनी न वाचता सही केली.

भाऊंना कागद दाखवला तेव्हा सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमीच केलं, सर. तुमच्याशिवाय कोणी नसतं केलं." मी गप्प राहिलो. हे तिसरं खोटं, आणि यासाठी तर मला तोंडही उघडावं लागलं नाही.

माळ घ्यायला त्यांनी गुरुवार धरला आणि मला जेवायला बोलावलं. नाही म्हणता येईना.

सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. अंगणात सारवण केलं होतं, सतरंजी घातली होती. भजनातली दहाबारा माणसं बसली होती. म्हाताऱ्या महाराजांनी भाऊंच्या गळ्यात माळ घातली. कुणीतरी मृदंग आणून भाऊंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी लगेच वाजवला नाही, नुसती शाई लावलेल्या बाजूवर बोटं फिरवली.

त्यांची बायको दारातून म्हणाली, "सरांनीच वरच्यायशी भांडून आणलं हे."

"मंग सरायले नारळ पायजे," एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, "नारळ देजा, पण बिअर नोको मांगजा!" सगळे हसले. एकाने खरंच नारळ आणि टोपी आणली. भाऊ उठले, माझ्यापुढे आले आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवायला हात वर केला.

मी त्यांचा हात मध्येच धरला. खाली बसा, म्हणालो. ते बसले. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलो. टोपी कुणाच्या हातात राहिली ते मला आठवत नाही. तारीफ सगळ्यांसमोर झाली होती, म्हणून बोलणंही सगळ्यांसमोरच करावं लागणार होतं.

"भाऊ, वरून काईच नवतं आलं," मी म्हणालो. "तो नियम मीच लिवला होता. कोणी मांगला नवता. ते लोक हासले अन् मले लाज वाटली, अन् तुमचं नाव झालं ते मले पाहवलं नाई. अर्ज मी केलाच नाई कोणाले. कागद माया कपाटात होता, मी कवाही बदलू शकत होतो. तुमी पहिल्या दिवशी मले इचारलं होतं, वास घेतला तं चालते ना. मी चालते म्हणलो होतो. तुमची माळ मायापायी उतरली. माया चुकीनं तुमी सालभर मांगं बसले. मले माफ करा."