पोर्चमधला वड

आमच्या घरी एक वड आहे. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत उंच, बुंधा मनगटाएवढा, पारंब्या शेवयांसारख्या. तो ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, केला. मी ‘लावला’ म्हटलं की हे दुरुस्त करायचे, “लावतात आंबे. बोन्साय करतात.”

एमआयडीसीतल्या एका जपानी कंपनीत हे स्टोअर सांभाळायचे. मायदेशी परतताना तिथल्या एका साहेबानं थाळीसारखी उथळ, निळी कुंडी ह्यांच्या हातात ठेवली आणि शिरूरच्या आमच्या घरात जपान शिरला. कपांचे कान गेले. चपला दाराबाहेर तोंड करून बसू लागल्या. कडू हिरवा चहा आला. त्यात मी स्वयंपाकघरातूनच साखर घालून आणायची.

वडगाव रासाईहून थोरले दीर आले, त्यांनी वडाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “आरं, आमी ऊस वाढावा म्हणून जीव टाकतोय, आन् तू झाड वाढू नये म्हणून पगार घालवतोस? नसबंदीच केली म्हण की त्याची!” हे हसले आणि त्यांच्यादेखत आणखी एक फांदी उडवली.

माझ्याकडे फक्त वाचन होतं. मी शाळेत ग्रंथपाल होते. बोन्सायची इंग्रजी पुस्तकं मी मराठीत सांगायची, माती बदलणं आणि मुळं कापणं ह्यांच्याकडे. गेल्या दिवाळीनंतर हे गेले. तेव्हापासून मी वडाला पाणी घालते आणि घाबरून राहते. एवढं एक जिवंत मागं ठेवून गेलेत, ते माझ्या हातून जाऊ नये.

आमच्या कॉलनीतल्या बायका वटपौर्णिमेला हायवेकडेच्या वडाला जायच्या. रस्ता रुंद झाला, वड गेला. मग काही वर्षं बाजारातून फांद्या आणल्या. यंदा महिला मंडळाच्या ग्रुपवर ठरलं की फांदी तोडणं पाप आहे. त्याखाली कुणीतरी लिहिलं, “मॅडमकडे आहे की. अख्खा वड.” त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

एरवी झाड नाजूक आहे म्हणून सांगता आलं असतं. पण नवरा गेल्याच्या पहिल्याच वर्षी, त्या दिवशी बाईनं बाकीच्यांना वडाजवळ येऊ दिलं नाही, तर त्याचा काय अर्थ निघेल हे मला वाचून कळायची गरज नव्हती. मी ‘या’ लिहिलं.

सकाळी नऊवाऱ्या, नथी, फणसाचे गरे, सगळं पोर्चमध्ये. मध्यभागी स्टुलावर वड. आमच्या शेजारच्या मावशी मूळच्या कवठे येमाईच्या, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांनी चष्मा वर केला.

“एवढासाच? ह्याला फेरं घालायचं का ह्याला मांडीवर घिऊन न्हाऊ घालायचं?”

“मावशी, जपानी पद्धतीचं आहे,” कोपऱ्यावरच्या घरातली सून म्हणाली.

“मंग पुढल्या जल्मी नवराबी जपानीच मिळंल.”

“मिळू दे. कामाचे असतात म्हणे.”

फांदीला वळण यावं म्हणून ह्यांनी तांब्याची तार गुंडाळली होती. ती बघून एकीचा चेहराच उतरला. “आपल्या आधी कोण पुजून गेलं? तेही तांब्याचं सूत!”

मी खुलासा करीपर्यंत एकीनं साखर घातलेलं दूध कुंडीत ओतलं होतं आणि दुसरी सूत धरून फिरायला लागली होती. सूत ताणलं. डावी फांदी, ह्यांनी वर्षानुवर्षं लाडीगोडीनं वाकवलेली, कुरकुरली. मी काही विचार केला नाही. पुढं झाले, कुंडी उचलली, स्टुलावर बसले आणि झाड छातीशी धरलं.

सगळ्या थांबल्या.

“मॅडम, उठता का? म्हणजे, तुम्ही आता...” सूत धरलेली म्हणाली.

मावशींनी नथ सावरली. “बसू द्या. झाड धरलंय न्हवं तिनं? मंग तीबी झाडच. फिरा!”

त्या फिरल्या. प्रत्येकीचे सात फेरे, आणि सगळं सूत माझ्या दंडांवरून, खांद्यांवरून. वडाच्या जागी बसल्यावर एक कळतं, बायका फेरे घालताना काय पुटपुटतात ते ऐकू येतं. एक म्हणत होती, “सातही जन्म हाच दे, पण घोरणं बंद कर.” दुसरी नुसतीच हिशेब लावत होती, पाचवा झाला की सहावा. मला हसू आलं, झाड हललं, आणि मावशी ओरडल्या, “वडानं गप बसायचं!”

“मावशी, नाकाला खाज सुटलीय.”

“वडाला नाक असतं व्हय?” म्हणत त्यांनी पदराच्या टोकानं माझं नाक खाजवलं.

आरती झाली, गरे वाटले, बायका निघाल्या. मी तशीच. “मला सोडवा की!” म्हणून ओरडले तेव्हा फाटकातून परत आल्या. सूत त्या दिवशी तोडायचं नसतं, त्यामुळं कात्री बाद. शेवटी एकीनं झाड वरच्या वर काढून घेतलं, दोघींनी सुताचं वेटोळं परकरासारखं खाली सरकवलं आणि मी पाय उचलून बाहेर आले.

दुपारी कुंडीत मुंग्यांची जत्रा भरली. साखर मुळांपर्यंत गेली होती. माती बदलायलाच हवी होती. पोर्चमध्ये पेपर पसरून मी पहिल्यांदाच तो वड कुंडीतून उपटला, नळाखाली मुळं धुतली, कापली आणि नव्या मातीत बसवला. दोनच दिवसांत पानं पिवळी पडली आणि एकेक करून सगळी गळाली.

ही बातमी कॉलनीत पसरली. मग बायका नाही, नवरे यायला लागले. ऑफिसला जाताना गाडी फाटकाशी लावून विचारायचे, “मॅडम, कसंय आता?” एकानं सावलीसाठी शेडनेटचा तुकडा आणून बांधला. घोरणारे गृहस्थ तर सकाळ-संध्याकाळ येऊन बुंध्याला नखानं हलकंच खरवडून बघायचे. “आत हिरवं आहे,” असं मला सांगायचे, पण आवाज त्यांचाच बसलेला असायचा. सगळ्यांना मी कानाच्या कपातून चहा देत होते.

एके सकाळी मी पाणी घालायला बाहेर आले, तर घोरणारे गृहस्थ आधीच कुंडीपाशी उकिडवे बसलेले. डाव्या फांदीच्या शेंड्याला गव्हाच्या दाण्याएवढा लालसर कोंब होता. मी चष्मा आणायला वळले, तोवर ते फाटकापर्यंत धावले आणि रस्त्यापलीकडं हाक घातली, “अगं ए, फुटला! चहा टाक!”