गाळातला पारा

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली तोवर नाही. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — ते व्हायचं नाही, आणि होऊही नये.

सत्तरच्या दशकात मी वऱ्हाडातल्या एका लहान नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो. नाल्यांचा गाळ वाळवून आम्ही खत करायचो. एका पावसाळ्यात गाळ वाळेना, वरून तगादा सुरू. मी बंद शेडमध्ये पत्र्यांवर गाळ पसरून खालून जाळ लावायला सांगितलं. जाळापाशी बसायचा नामदेव, आमचा सफाई कामगार, मूळचा इंझोरीचा.

त्या नाल्यात मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं पाणी यायचं. फावड्यावर चांदीसारखे थेंब पळताना मी पाहिले होते. पारा. तापवला की त्याची वाफ विषारी, हे शाळेतच शिकलो होतो. मग थांबवलं का नाही? — थांबवलं असतं तर हुकूम कोणाचा होता, हे निघालं असतं.

दोन महिन्यांत नामदेवचे हात कापायला लागले. हिरड्या सुजल्या. चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, हा कामावर काय हाताळतो?

मी म्हणालो, "पेतो तो."

नामदेवने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण थरथरते हात सगळ्यांना दिसत होते — गावाने लगेच मानलं. त्याला कामावरून काढलं. कागदावर सही माझी.

दुसऱ्याच सकाळी त्याची बायको सुभद्रा कचेरीत आली. "सायेब, हे मले सांगून राह्यले, म्या कदी घेतली नाही. तुमी सोता पाह्यलं काय त्याईले पेताना?"

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो. पाह्यलं."

तिने विश्वास ठेवला — नवऱ्यावर नाही, माझ्यावर. लेकरं घेऊन माहेरी गेली. नामदेव इंझोरीत एकटा राहिला आणि तीन वर्षांनी एकटाच मेला. ते खत कोणाकोणाच्या मळ्यात गेलं, मी कधी विचारलं नाही.

तेव्हा कोणाला काय कळत होतं, असं मला सांगू नका. सुभद्रा कचेरीतून गेली, त्याच दुपारी मी शेडमधला जाळ विझवायला लावला. नामदेवच्या जागी दुसरा माणूस बसवला नाही. एवढं मला कळत होतं.