उशिरा पडणारी ठिणगी

उन्हाळ्यातल्या सोलापुरातसुद्धा सकाळचं लोखंड गार असतं, हे तुम्हाला सांगितलं तर खरं वाटेल का? सूर्य एकदा वर आला की हे गाव तव्यासारखं तापतं. पण त्याआधीच्या त्या अल्पजीवी, करड्या प्रहरात मोटार फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल हातात घ्यावं, तर त्याचा गारवा तळव्यातून थेट मनगटापर्यंत चढतो. त्या गारव्यात पेट्रोलचा मंद वास मिसळलेला असे. माझ्या लहानपणच्या कितीतरी सकाळी त्याच वासानं उजाडल्या.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांची एक जुनी टॅक्सी होती आणि तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबांना ते तीतून घेऊन जात. बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून रोज सकाळी तिच्यापुढे वाकून, हँडल मारूनच तिला जागं करावं लागे. मुलगी असूनही मला त्यांनी ते हौसेनं शिकवलं, मात्र एका अटीवर. "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठिव. मूठ आवळायची न्हाय," असं ते दर वेळी बजावत. इंजिन कधी उलटं फटकारेल याचा नेम नसतो, आणि हँडल उलटं फिरलं की आवळलेल्या मुठीतला अंगठा मोडलाच म्हणून समजा! घट्ट धरण्यातही धोका असतो, ही माझ्या आयुष्यातली पहिली शिकवण. तिचा अर्थ मात्र फार उशिरा कळला.

मोठा दुष्काळ सरून एखाददुसरं वर्ष झालं असेल, तेव्हा गाडीचा जोर गेला. गंमत अशी, की मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग घेतला म्हणजे ती पूर्वीसारखीच धावे. पण थांबलेली गाडी हलवायची असो, बैलगाडीमागून सावकाश जायचं असो, तिला धाप लागे. घाटात तर प्रवाशांना उतरून चालावं लागू लागलं. नवस फेडायला निघालेली एक म्हातारी उतरता उतरता म्हणाली, "मोटार लई दमली की वो अण्णा तुमची!" त्या बोलण्यात टोमणा नव्हता, निव्वळ कणव होती, आणि कणव टोमण्यापेक्षा खोल लागते. ज्या माणसानं त्या घाटात कधी कुणाला पायी चालवलं नव्हतं, तो त्या दिवशी घरी आला आणि न जेवता झोपला. हळूहळू ओळखीची कुटुंबंही दुसरी गाडी ठरवू लागली. टॅक्सीवाचून अण्णांजवळ दुसरं होतं तरी काय? तरीही गाडी मिस्त्रीला दाखवायचं ते टाळत होते, आणि ते का, हे मला काही केल्या कळेना.

अखेर मीच हट्टाला पेटले. नवी पेठेच्या मागच्या बोळात अण्णांचे जुने स्नेही रशीदभाई यांचं गॅरेज होतं, तिथे गाडी न्यायला लावली. रोग शोधणाऱ्याचा चेहरा, वैद्याचा असो वा मिस्त्रीचा, सारखाच गंभीर असतो. रशीदभाईंनी प्लग काढून पाहिले, कार्बोरेटर उघडून फुंकला, क्लच तपासला. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिनाचा दमही अजमावला. "सगळं साफ हाय, अण्णा. दम बी बराबर हाय. मग जोर जातोय कुटं?" अण्णा बाजूच्या टायरवर बसून होते.

मग रशीदभाई ठिणगी वाटून देणाऱ्या त्या काळ्या टोपणापाशी वाकले आणि थबकले. "टायमिंग मागं हाय. ठिणगी उशिरा पडतीया." मला त्यांनी समजावून सांगितलं: पेट्रोल आणि हवा दाबली गेली की नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते, उशीर झाला तर दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तोवर खाली निघालेला असतो आणि निम्मं बळ वाया जातं. वेग वाढला की आतली वजनं ठिणगीला आपोआप पुढे ओढतात, म्हणून धावत्या गाडीत हा दोष झाकून जातो. धावताना माणसाचं तरी काय काय झाकून जात नाही!

"स्क्रू कुणीतरी मुद्दाम फिरवलाय," रशीदभाई म्हणाले. "कुणाचं काम हे?"

"माझंच," अण्णा म्हणाले. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ठिणगी मागं घेतली की हँडल उलटं मारत न्हाय, रशीद. हातात जोरच ऱ्हायला न्हाय बघ. झटका सोसत न्हाय आता."

अलीकडे चहाचा कप डाव्या हातात का असतो, शर्टाची बटणं आई का लावते, हे सगळं मला त्या एका क्षणात उलगडलं. आपला हात थकतोय हे कुणाला कळू नये, म्हणून त्यांनी गाडीचंच बळ उतरवून आपल्या हाताजोगतं केलं होतं! मला रडू आवरेना.

"मग, ऱ्हाऊ दे असंच?" रशीदभाईंनी हळूच विचारलं.

"नगं. बराबर कर. गाडीनं का म्हणून सोसायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हँडल माझ्या हाती दिलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. "अंगठा!" एवढंच ते म्हणाले. पहिल्याच फेऱ्याला गाडी गरजून उठली, आणि त्या दिवशी घाटात कुणालाही उतरावं लागलं नाही. पण थंडी पडायच्या आत त्या हाताला गिअरही पेलेना, आणि गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली. घाट ती झोकात चढते, असं लोक येऊन सांगत. अण्णा मान डोलवत आणि भिंतीकडे तोंड करत.

पुढे ते अंथरुणालाच खिळले. सकाळी उजाडता उजाडता मी त्यांच्या उशाशी बसून तो उजवा हात हातात घेत असे. तो तसाच गार असे, सकाळच्या हँडलसारखा. सवयीनं माझा अंगठा बोटांच्या बाजूलाच राही. ज्या झटक्याला आम्ही जन्मभर भ्यालो, तो त्या हातातून एकदा तरी यावा, म्हणून मी ऊन वर येईपर्यंत वाट पाहत बसत असे.