नेलपॉलिशखालचा गंज

पोलीस खात्यातल्या बऱ्याच घटना विसरलो, पण ही एक अजून मनातून जात नाही. तेव्हा मी अंबाजोगाईजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन उन्हाळा होता. सकाळी ड्युटीला निघालेल्या एका नर्सच्या स्कूटरला पांढऱ्या कारने धडक दिली आणि चालक पळाला. बाई रुग्णालयात बेशुद्ध होत्या.

दोन दिवसांनी खबऱ्याचा फोन आला. शेजारच्या गावातला एक भाड्याच्या गाडीचा चालक दारावरच्या ओरखड्यावर काहीतरी लावत होता. गाडी पांढरीच होती. आम्ही त्याला गाडीसकट ठाण्यात आणलं.

"गेटला घासली साहेब, लई दिवस झाले," तो म्हणाला. "गंज वाढू नये म्हणून बायकोचं नेलपॉलिश लावलं."

हे ऐकून आमचे हवालदार हसले. मला तर पुरावा लपवल्याची खात्रीच झाली. दोन तास उलटसुलट विचारलं. तो एकच उत्तर देत राहिला. अटकेचे कागद तयार होऊ लागले.

पंचनाम्यासाठी जाणकार म्हणून गाड्या रंगवणाऱ्या एका चाचांना बोलावलं होतं. साठीचा माणूस, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. त्यांनी ओरखड्यावरून डोळे मिटून नख फिरवलं, मग भिंग लावलं.

"साहेब, ह्ये पत्र्यापर्यंत गेलतं. नेलपॉलिश वर हाय, गंज खाली. ह्या कोरड्या हवेत एवढा गंज दोन दिवसांत धरत न्हाई. खरं बोलतोय गडी."

चाचांनी स्कूटर दाखवा म्हटलं. तिच्या मडगार्डला पांढऱ्या रंगाची नखाएवढी खपली चिकटली होती. ती त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"ह्यो कंपनीचा रंग न्हाई. खाली लाल, मधी पुट्टी, वर पांढरा. लाल गाडी पांढरी केलेली हाय. तशी हुडका."

नखाएवढ्या खपलीत त्या माणसाला अख्खी गाडी दिसली होती!

आम्ही त्याच दुपारी रंगकाम करणाऱ्यांकडे चौकशी केली. तिसऱ्याच ठिकाणी अशा गाडीचा पत्ता मिळाला. ती एका गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती, पुढचा पत्रा चेपलेला. खपली समोर ठेवताच मालकाने मान खाली घातली. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच तीन थर आले. नर्सबाईही शुद्धीवर आल्या.

गाडी सापडली त्याच संध्याकाळी मी ठाण्यात बसवून ठेवलेल्या त्या चालकाची सगळ्या स्टाफसमोर माफी मागितली. नोकरीत पहिल्यांदाच. तो हात जोडून एवढंच म्हणाला, "मग आता घरी जाऊ का साहेब?"

खोटं बोलणारा माणूस मला चेहऱ्यावरून कळतो, असा माझा तोवर समज होता. त्या दिवशी मी एका खऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे दोन तास बघत होतो, आणि मला काहीच कळलं नव्हतं.