काकीच्या खळ्यात वळणारी बस

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्याशिवाय राजकारण करताच येत नाही, असं मानणारी पुढारी साऱ्या कर्नाटकात एकच झाली असेल, आणि ती माझी काकी. आमच्या पंचायतीची ती पहिली बाई अध्यक्ष. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा गावानं तिचं नाव पुढं केलं ते काकांकडे बघून. सही काकी करील, कारभार काका बघतील, असा सरळ बेत. पहिल्या सभेला काका इस्त्रीचा सदरा घालून निघाले, तर काकी म्हणाली, "तुमी कुठं? म्हशीची धार काढायची राहिलीया." म्हशीनं त्या दिवशी काकांना लाथ मारली, असं वाडीत अजून सांगतात. कारभार मात्र त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

काकी मुलखाची चौकस. कुणाच्याही घरी गेली की ओसरीवरच्या माणसांना ओलांडून थेट चुलीपाशी. मतं मागायला गेली तेव्हाही तिनं मत म्हणून मागितलं नाही. झाकण उचलून आमटीचा वास घ्यायचा, कणगीत हात घालायचा, घागर हलवून बघायची. "भायेरनं सगळ्यांचीच घरं बरी दिसत्यात," ती म्हणायची, "कणगीत भात हाय का न्हाई, ते आत गेल्यावर कळतंय." जोयड्याच्या तालुका कचेरीतही तेच. एकदा शिपायानं सांगितलं, साहेब मीटिंगला गेलेत. काकी मागच्या दारानं चहा करणाऱ्या बाईकडे गेली, गप्पा मारल्या, आणि साहेबांसाठी ठेवलेला बिनसाखरेचा कप घेऊन स्वतःच त्यांच्या खोलीत शिरली. "मीटिंगला गेल्याल्या मानसाचा चहा गार होईल म्हणून आणला," म्हणाली. साहेबांनी तो मुकाट्यानं प्यायला.

त्या दिवशी ती गेली होती माझ्यासाठी. मी सातवी पास झाले होते आणि पुढची शाळा कुंभारवाड्याला. मधली वाट जंगलातली, गव्या-अस्वलांची. बाबांनी सांगून टाकलं होतं, बस आली तर आठवी, नाहीतर घरीच. माझ्या मागच्या पोरींचंही तेच होणार होतं. काकीच्या हेलपाट्यांनी बस डेपोचे एक साहेब अखेर जीपनं आले, आणि उतरताच त्यांनी नकाराची मान हलवली. रस्ता काकीच्या दारात संपत होता. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि जंगलातल्या झाडाला हात लावायची सोय नाही. बस वळवणार कुठं?

सपाट जागा एकच होती, काकीचं खळं. शेणानं सारवलेलं, मध्ये मळणीचा खांब उभा. काकी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून तिनं तो खांब हलवायला सुरुवात केली. काका धावत आले. "अगं, मग भात कुठं मळायचं? माझ्या डोक्यावर?"

"तुमचं डोस्कं सपाट न्हाई," काकी म्हणाली.

साहेब हसले, आणि जूनमध्ये बस आली. पण तेव्हापासून काकांचं भात दुसऱ्यांच्या खळ्यावर, त्यांची मळणी आटोपल्यावर मळलं जाऊ लागलं. शेतकऱ्याच्या मनाला हे फार लागतं. सुगीत काका कुणाशी बोलत नसत, आणि काकी त्यांच्या आवडीचं करून वाढत असे.

पुढं मुदत संपली, जागा दुसऱ्यांसाठी राखीव झाली, काकी घरी बसली असं आम्हाला वाटलं. पण रोज संध्याकाळी ती खळ्यात उभी. "येऊ दे, येऊ दे... थांब, बाबा! तुळस हाय!" तिच्या शब्दाबाहेर जायची कुठल्याच ड्रायव्हरची छाती नव्हती. बस वळली की ती बसच्या दाराशी यायची आणि उतरणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारायची, "आज नवीन काय?" सांगितल्याशिवाय घरी सुटका नाही. मी वाटेतच काहीतरी घोकून ठेवत असे. एकदा म्हटलं, "काकी, देवमासा पिल्लांना दूध पाजतो." काकीनं मला दाराशीच अडवलं. मग म्हणाली, "माशाची धार कोण काढतंय?" अख्खी बस हसली.

आता मी रामनगरला शाळेत शिकवते. परवा त्याच बसनं गावी गेले. काकी पार थकलीय, डोळ्यांना नीट दिसत नाही. ओसरीवर बसूनच ती "येऊ दे" म्हणते, आणि ड्रायव्हर त्या आवाजासाठी थांबतो. मी उतरले.

"कोण गं? आज नवीन काय?"

दिवसभर पोरांना शिकवून आले होते मी, आणि एकही गोष्ट सुचेना. काकीनं माझा हात चाचपला, आवाजावरून ओळखलं आणि जवळ ओढलं. "त्ये माशाचं खरं का गं? दूध पाजतोय म्हणून तूच सांगितलं हुतंस. समदी हसली, म्हणून परत इचारलं न्हाई."

काकीनं शाळेची पायरी कधी चढली नव्हती. तिची शाळा रोज संध्याकाळी बसनं तिच्या खळ्यात यायची, आणि मी तिथली मास्तरीण होते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

"खरं, काकी. अगदी खरं."

"मग बरं," काकी सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली. "मी जोयड्याच्या सायबाला सुदीक सांगून ठेवलंय."